सीलबंद फिगरचे दोन्ही पंजे डावे निघाले: फॅक्टरी एरर की नुसता खराब पीस?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही एका रिसेलरकडून सहा इंची ॲक्शन फिगर घेतली, खिडकीवाला बॉक्स, सीलबंद. घरी येऊन नीट बघितलं तर दोन्ही पंजे डावे, आणि वर एका डोळ्याचं प्रिंट भुवईकडे सरकलेलं. परत घ्या म्हटल्यावर तो म्हणतो की अहो हा फॅक्टरी एरर आहे, असे पीस रेअर असतात, उघडू नका, ठेवून द्या, चार-पाच वर्षांत दुप्पट होतील. तर हे खरं का, बॉक्स उघडावा का, परत करायचं तर कसं, आणि शेवटी, ग्रेडिंग करून घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत सरळ सांगतो, परत करा. सरकलेल्या डोळ्याला कोणी जास्त पैसे देत नाही, कमीच देतात. दोन डाव्या पंजांमध्ये एखाद्याला इंटरेस्ट असू शकतो, पण दुप्पट वगैरे विसरा. का ते सांगायला जरा लांबण लावावी लागेल कारण हा विषय एका वाक्यात सांगून पटत नाही.

मी इंजेक्शन मोल्डिंगच्या क्वालिटी डिपार्टमेंटला बरीच वर्षं काढली, भोसरीत आणि नंतर चाकणला, आणि आता कलेक्टर मंडळींच्या फिगर तपासून देणं, दुरुस्त करणं हेच काम करतो. "हा एरर आहे ना?" असं विचारत फोटो येतात, आणि प्रत्येक वेळी मी एकच गोष्ट शोधतो, हा दोष कुठल्या टप्प्यावर झाला. साच्यात झाला, रंगवताना झाला, जोडताना झाला, पॅक करताना झाला, की फॅक्टरीतून निघाल्यावर कोणाच्या तरी घरी झाला. हे एकदा कळलं की ठेवायचं का परत करायचं, दुरुस्त होईल का नाही, आणि किमतीला अर्थ आहे का, ही तिन्ही उत्तरं आपोआप येतात.

साच्यापासून सुरू करतो. फिगरचा दाणा म्हणजे कच्चं प्लॅस्टिक साधारण दोन जातींचं असतं, धड-मांड्या असे कडक भाग बहुतेक एबीएसचे आणि डोकं, पंजे, केप, हत्यारं असे मऊ भाग पीव्हीसीचे. सांध्यातल्या पिना आणखी वेगळ्या, घासून झिजणार नाहीत अशा प्लॅस्टिकच्या, म्हणजे पीओएम किंवा नायलॉन. वितळलेला दाणा प्रेशरने साच्यात जातो, थंड होतो, साचा उघडतो, साच्यातल्या इजेक्टर पिना पार्ट बाहेर ढकलतात. या एवढ्याशा सायकलमध्ये जे बिघडतं त्याच्या खुणा कायम राहतात. साचा घट्ट मिटला नाही किंवा झिजला की कडेला पातळ पापुद्रा येतो, तो फ्लॅश. प्लॅस्टिक टोकापर्यंत पोचलंच नाही तर शॉर्ट मोल्डिंग, म्हणजे बोटाचं टोक अर्धवट किंवा तलवारीची मूठ अर्धी. जाड भागाच्या वर खड्डा पडलेला दिसला, समजा मांडीच्या मागे किंवा छातीवर, तर तो सिंक मार्क, आतलं प्लॅस्टिक उशिरा थंड होतं आणि आकसताना पृष्ठभाग आत ओढून घेतं. छोट्या गोल खुणा इजेक्टर पिनच्या, आणि दोन प्रवाह जिथे येऊन मिळतात तिथे केसासारखी रेघ राहते ती वेल्ड लाइन. ही वेल्ड लाइन मनगटाच्या खुंटीवर आली असेल तर मात्र लक्षात ठेवा, ती खुंटी पहिल्यांदा तिथेच तुटणार.

साच्यातल्या दोषांबद्दल एक गोष्ट पक्की आहे, ते एकटे येत नाहीत. साच्यात एक कॅव्हिटी, म्हणजे पार्टच्या आकाराचा पोकळ खळगा, खराब असेल तर त्या कॅव्हिटीतून पडणारा प्रत्येक पार्ट तसाच येतो, शेकड्याने येतो, आणि साचा दुरुस्तीला जाईपर्यंत येत राहतो. त्यामुळे फ्लॅश किंवा सिंक मार्क दाखवून कोणी रेअर म्हणत असेल तर त्याला मोल्डिंग माहीत नाही एवढंच समजा.

आता तुमच्या पंजांकडे येतो. लहान पार्ट बऱ्याचदा फॅमिली मोल्डमध्ये निघतात, म्हणजे एकाच शॉटमध्ये एका रनरवर, म्हणजे पार्ट जोडून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या काडीवर, डावा पंजा, उजवा पंजा, बुटाचे दोन भाग, पट्ट्याचं बक्कल, सगळं एकत्र लटकलेलं. नंतर ते कापून वेगवेगळ्या ट्रेमध्ये टाकतात. पार्टच्या आत, खुंटीवर किंवा सांध्याच्या पोटात डावं-उजवं ओळखायला खूण असते, पण असेंब्ली लाइनवर बसलेली बाई दिवसभरात इतके पार्ट हाताळते की ती खूण बघत बसत नाही, हाताला सवय असते त्या ट्रेमधून उचलते आणि दाबते. ट्रेमध्ये दहा-वीस डावे पंजे चुकून उजव्यांत मिसळले की लागोपाठ दहा-वीस फिगर दोन डाव्या हातांच्या बनतात. मनगटाची खुंटी दोन्हीकडे सारखीच असल्यामुळे चुकीचा पंजाही आरामात बसतो, अडत नाही. चांगली डिझाइन असेल तर डाव्याची खुंटी आणि उजव्याची खुंटी मुद्दाम वेगळी ठेवतात म्हणजे चुकीचा पार्ट बसूच शकत नाही, पण मग पार्ट दुसऱ्या फिगरला वापरता येत नाही, आणि एकच साचा पाच कॅरेक्टरना वापरणं हा तर या धंद्याचा पायाच आहे. दोन डाव्या मांड्या, दोन उजवे दंड, उलटे बसवलेले गुडघे हे सगळं याच घरातलं.

म्हणून असेंब्लीतला दोष दिसायला जरी गमतीशीर असला तरी तो एकमेव नसतो. बाकीचे सापडले नाहीत याचा अर्थ बनले नाहीत असा नाही, ते उघडले गेले, पोरांनी खेळून टाकले किंवा लोकांनी परत केले.

डोळ्याचं सांगतो. पूर्वीपासून डोळे काढतात ते पॅड प्रिंटिंगने, शॉपमध्ये टँपो म्हणतात. धातूच्या प्लेटवर कोरलेलं चित्र, त्यात शाई, वरून सिलिकॉनचा मऊ पॅड येतो, शाई उचलतो आणि चेहऱ्यावर टेकवतो. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, म्हणजे पांढरा भाग एकदा, बुबुळ एकदा, बाहुली एकदा, भुवई एकदा. डोकं एका जिगमध्ये, म्हणजे ते जागेवर पकडून ठेवणाऱ्या खाचेत, अडकवलेलं असतं. आता बघा गंमत कशी होते, मानेच्या भोकात जरासा फ्लॅश राहिला की डोकं जिगमध्ये पूर्ण बसत नाही, केसभर तिरकं राहतं, आणि सगळे ठसे केसभर वर पडतात. किंवा पीव्हीसीचं डोकं साच्यातून गरम असतानाच काढलेलं असतं, थंड होताना एक डोकं कमी आकसतं, दुसरं जास्त. म्हणजे दोष दिसतो रंगात, पण जन्मलेला असतो मोल्डिंगमध्ये. तुमच्या फिगरमध्ये एकच डोळा सरकलाय का दोन्ही, हे भिंग घेऊन बघा. एकच असेल आणि बुबुळ पांढऱ्या भागाच्या बाहेर आलं असेल तर तो ठशाचा दोष. दोन्ही डोळे, भुवया, ओठ सगळंच एका दिशेला सरकलं असेल तर डोकं जिगमध्ये नीट बसलेलं नव्हतं.

२०१८ च्या आसपासपासून मोठ्या कंपन्यांनी चेहरे थेट डिजिटल प्रिंट करायला सुरुवात केली, हॅस्ब्रो ही अमेरिकन खेळणी कंपनी त्याला फोटो रिअल म्हणते. भिंगाखाली बघितलंत तर मासिकाच्या छपाईसारखे बारीक ठिपके दिसतात, टँपोत सलग रंग दिसतो. या पद्धतीने चेहरे खूप सुधारले हे मी मनापासून सांगतो, शंभर-दोनशे रुपयांच्या जुन्या फिगरचे डोळे आठवा. पण सरकलं की सगळाच चेहरा एकदम सरकतो, डोळे गालावर येतात. असे पीस दुकानात उभं राहून चार-पाच बॉक्स समोर ठेवून निवडले तरच टाळता येतात, दुसरा उपाय नाही. हॅस्ब्रोने प्लॅस्टिक कमी करायला म्हणून २०२२ मध्ये बिनखिडकीचे बॉक्स आणले तेव्हा कलेक्टर लोक वैतागले ते याच कारणाने, चेहरा न बघता घ्यायचा कसा. २०२३ मध्ये कंपनीने खिडकी परत आणायचं जाहीर केलं. त्या मधल्या काळातले बिनखिडकीचे बॉक्स आजही रिसेलरकडे पडून आहेत, घेताना लक्षात असू द्या, त्यात आत काय आहे हे विक्रेत्यालाही माहीत नसतं.

मग क्वालिटीवाले झोपा काढतात का, असं मला हमखास विचारतात. नाही. प्रत्येक पीस तपासला जात नाही हे खरं कारण आहे. सॅम्पलिंगने तपासतात, त्याचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे आयएसओ २८५९, आणि मर्यादेला एक्यूएल म्हणतात. कंपन्या आपापले आकडे ठरवतात पण कन्झ्युमर मालात नेहमीचे आकडे असे, जिवाला धोका असलेला दोष शून्य, मेजर दोष २.५ टक्के, मायनर ४ टक्के. समजा ५,००० फिगरचा लॉट आहे. तपासणीच्या नेहमीच्या लेव्हलला त्यातले २०० पीस उघडून बघतात. मेजर दोष १० पिसांत निघाले तरी लॉट पास, ११ व्याला फेल. आता त्या लॉटमध्ये खरोखर दोन टक्के फिगरना मेजर दोष असेल तर सॅम्पलमध्ये साधारण चार सापडतील, लॉट आरामात पास होईल, आणि १०० दोषी फिगर कायदेशीरपणे, कोणाचीही चूक न होता, बाजारात येतील. सरकलेला डोळा तर बऱ्याच ठिकाणी मायनरमध्ये धरतात, त्याची मर्यादा आणखी सैल, २०० मध्ये १४ पर्यंत चालतात. हा हिशोब एकदा डोक्यात बसला ना की "फॅक्टरी एरर म्हणजे रेअर" हे वाक्य कोणी तोंडावर फेकलं तरी फरक पडत नाही.

मग किंमत येते कशाला? तीन वेगळ्या गोष्टींना लोक सरसकट एरर म्हणतात तिथे घोळ आहे.

पहिली गोष्ट, डिझाइनमध्येच झालेली चूक किंवा बदल, जो सगळ्या बॅचमध्ये आहे. हॅस्ब्रोच्या १९६४ च्या बारा इंची जीआय जो या सैनिक फिगरच्या उजव्या अंगठ्याचं नख उलट्या बाजूला, आतल्या अंगाला आहे. शिल्पात झालेली चूक, पण कंपनीने ती तशीच ठेवली कारण कोणी नक्कल केली तर नखावरून पकडता येत होती. दुसरं उदाहरण केनर कंपनीच्या स्टार वॉर्स फिगरमधलं. स्नॅगलटूथ नावाचं पात्र, कंपनीकडे संदर्भाला नीट फोटोच नव्हता, होता तो ब्लॅक अँड व्हाइट आणि अर्धा, त्यावरून त्यांनी उंच, निळ्या कपड्यातली, बूट घातलेली फिगर बनवली. पात्र प्रत्यक्षात बुटकं. ती निळी फिगर फक्त सीअर्स या अमेरिकन दुकानसाखळीच्या कँटिना सेटबरोबर आली आणि पुढे सगळीकडे बुटकी लाल फिगर विकली गेली. निळीला आजही मागणी आहे कारण ती कुठून आली, किती काळ आली, हे सगळं नोंदलेलं आहे.

दुसरी गोष्ट, चालू प्रॉडक्शनमध्ये केलेला बदल. केनरच्याच स्टार वॉर्समधला १९७८ चा जावा आधी व्हिनाइलच्या केपमध्ये आला, लगेच कापडी झगा आला. त्याच मालिकेतल्या ल्यूक, बेन आणि व्हेडरच्या पहिल्या फिगरमध्ये लाइटसेबर, म्हणजे त्यांची उजेडाची तलवार, दोन टप्प्यात बाहेर यायचा, नंतर साधा केला. आणि मला सगळ्यात आवडणारं उदाहरण १९९५ नंतरच्या पॉवर ऑफ द फोर्स या स्टार वॉर्स मालिकेचं, तिथे आधी लाइटसेबर फारच लांब बनले, मग आखूड केले, पण पॅकमधला प्लॅस्टिकचा ट्रे बनवायचा साचा बदलायला वेळ लागला. त्यामुळे काही पॅकमध्ये आखूड सेबर लांब खाचेत ठेवलेला आहे, पुढची जागा मोकळी. सीलबंद पॅकमध्येच ते दिसतं, उघडलं की पुरावा गेला. इथे पॅक न उघडण्याला खरा अर्थ आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे तुमच्यासारखा सुटा दोष, एका पिसावर झालेला. याला बाजार आहे, पण पातळ. उलटी पॅक केलेली फिगर, चुकीच्या कार्डवर चुकीचं पात्र, हत्याराच्या जागी दुसऱ्याच फिगरचं हत्यार, असं लांबून दिसणारं काही असेल आणि ओळ जुनी, लोकप्रिय असेल तर एखादा शौकीन थोडे जास्त देतो. दोन डावे पंजे या यादीत खूप खाली येतात. त्यात चालू मालिकेची फिगर, म्हणजे दुकानात अजून मिळतेय, मग कशाला कोण जास्त देईल.

आपल्याकडचं एक उदाहरण देतो कारण त्याचा नेहमी गैरसमज होतो. एमआरएफ ग्रुपची फनस्कूल १९८७ ला सुरू झाली, गोव्यात फॅक्टरी, आणि हॅस्ब्रोच्या लायसन्सवर जीआय जोच्या पावणेचार इंची फिगर इथे बनल्या. माझ्या वयाच्या बऱ्याच जणांची पहिली फिगर तीच. साचे परदेशातले पण प्लॅस्टिकचा रंग, पेंट इथला, आणि एकाच पात्राच्या रंगात बॅचप्रमाणे फरक पडलेले. अमेरिकेतले कलेक्टर हे फरक शोधून शोधून घेतात. आता घरी माळ्यावर फनस्कूलचा कार्डवाला पीस सापडला आणि रंग अमेरिकन फिगरपेक्षा वेगळा दिसला की लोक एरर म्हणून विकायला काढतात. तो एरर नाही, तो भारतीय व्हेरिएंट आहे, आणि तसंच सांगून विका, उलट घेणाऱ्याचा विश्वास बसतो. या पावणेचार इंचीवाल्यांच्या कमरेत काळा रबरी ओ-रिंग असतो तो वाळून तुटतो आणि फिगर पॅकमध्येच दोन तुकडे होऊन पडते, हाही फॅक्टरीचा दोष नव्हे, रबराचं वय झालं. नवा रिंग टाकला की फिगर पुन्हा उभी राहते, पण अर्थात त्यासाठी पॅक उघडावं लागतं.

बरं, तुमच्या केसमध्ये मला खरी काळजी वेगळीच आहे. सहा इंची फिगरचे पंजे काढता-घालता येतात. म्हणजे कोणीही बॉक्स उघडून, एक पंजा बदलून, परत चिकटवून "फॅक्टरी एरर" बनवू शकतो. दुकानाला परत आलेला माल असाच पुन्हा शेल्फवर जातो हेही होतं, कोणीतरी चांगला पंजा आणि हत्यार काढून घेतलं, आपला जुना पंजा बसवला आणि परत केला. जुन्या महागड्या फिगरमध्ये तर हा धंदाच आहे, बेन केनोबीची व्हिनाइल केप कापून जावाला घालतात आणि पहिल्या बॅचचा जावा म्हणून विकतात.

तेव्हा बॉक्स हातात घ्या आणि आडव्या उजेडात बघा, वरून पडणाऱ्या ट्यूबलाइटमध्ये काही दिसत नाही, खिडकीजवळ उभं राहा आणि बॉक्स तिरका धरा. झाकणावरची गोल पारदर्शक टेप बघा. फॅक्टरीची टेप एकदाच लागलेली असते, खाली हवा नसते, कड स्वच्छ. उचलून परत लावलेली असेल तर तिच्या चिकट बाजूला पुठ्ठ्याचे पांढरे तंतू अडकतात, कडेला धूळ बसून करडी रेघ येते आणि बॉक्सच्या छपाईचा वरचा थर टेपच्या आकारात फाटलेला दिसतो. हेअर ड्रायरने गरम करून काढली असेल तर तंतू कमी असतात पण टेप जराशी चुरगळते, तिची चमक जाते. खालच्या झाकणाकडेही बघा, लोक वरचंच बघतात म्हणून चोर खालून उघडतो. कार्डवर फुगा असलेल्या पॅकमध्ये फुग्याच्या कडेची पट्टी बघायची, फॅक्टरीत ती उष्णतेने दाबलेली असते, सगळीकडे एकसारखी. मागाहून लावलेला गोंद कुठे जाड कुठे पातळ दिसतो, आणि यूव्ही टॉर्च असेल तर बरेच गोंद त्याखाली वेगळे चमकतात.

मग ट्रे. प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये हाताची खाच उजव्या पंजाच्या आकाराची असते, अंगठा कुठल्या बाजूला यायचा हे ठरलेलं. तिथे डावा पंजा फॅक्टरीत दाबून बसवला असेल तर वरचं आवरण त्या जागी किंचित उचललेलं किंवा पंजा वाकलेला दिसतो, महिनोन्‌महिने तसाच दाबला गेल्यामुळे मऊ पीव्हीसीला तो बाक कायमचा पडतो. पंजा खाचेत सैल, निवांत पडलाय आणि बाक काहीच नाही, तर तो तिथे अलीकडे आलाय अशी मला शंका येईल. खात्री नव्हे, शंका. आणि हे सगळं करायच्या आधी एक साधी गोष्ट बघा, त्या फिगरबरोबर जादा पंजे येतात का. बॉक्सच्या मागच्या फोटोत दिसतं. येत असतील आणि एक उजवा पंजा ट्रेमध्ये बाजूला पडलेला असेल तर हे सगळं प्रकरणच नाही, पॅक करणाऱ्याने चुकीचा पंजा लावला, दोन मिनिटांचं काम.

ग्रेडिंगबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय म्हणून सांगतो. अमेरिकेतली एएफए ही संस्था सीलबंद फिगरना शंभरपैकी ग्रेड देऊन ॲक्रिलिकच्या केसमध्ये बंद करते, कार्ड, ब्लिस्टर म्हणजे फुगा, आणि फिगर तिन्हींना वेगळे मार्क. फिगरच्या रंगात दोष असेल तर तो भाग मार्क खातो, मग ते फॅक्टरीत झालं का घरी याने सुटका होत नाही. इथून पाठवणं, परत आणणं, विमा, वर कस्टम्सची डोकेदुखी. भारतात खेळण्यांवरची बेसिक कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. चालू मालिकेच्या फिगरसाठी हे गणित कधीच बसत नाही.

आता परत करणं. बॉक्स उघडू नका, हे माझं आणि विक्रेत्याचं एकच म्हणणं आहे पण कारणं वेगळी आहेत. सहा बाजूंचे फोटो, टेपचे जवळून फोटो, खिडकीतून दोन्ही अंगठे दिसतील असा एक फोटो, आणि एक सलग व्हिडिओ काढा ज्यात बिल आणि बॉक्स एकत्र दिसतात. त्याने चॅटवर "फॅक्टरी एरर आहे" असं लिहिलंय ना, तो मेसेज जपून ठेवा, कारण मालात दोष आहे हे त्याने स्वतःच लेखी कबूल केलंय. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दोष असलेला माल बदलून किंवा पैसे परत मागता येतात, विक्रेत्याने "नो रिटर्न" लिहिलं म्हणून ते संपत नाही. आधी शांतपणे लेखी मागणी करा, मुदत द्या, नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाका, बरेच विक्रेते तिथेच नरमतात. फक्त एक जपा, "मला हे नंतर विकायचं होतं" असं कुठेही लिहू नका, आणि खरंच विकण्यासाठी घेतलं असेल तर हा रस्ता तुमचा नाही, पुनर्विक्रीसाठी माल घेणारा त्या कायद्यात ग्राहक धरला जात नाही. तुम्ही तर मुलाबरोबर शेल्फवर लावायला घेतली म्हणताय, मग काहीच अडचण नाही.

समजा परत नाहीच झाली, किंवा विक्रेत्याने अर्धे पैसे परत देऊन मिटवलं आणि फिगर तुमच्याकडेच राहिली, तर उघडा आणि दुरुस्त करा, माझ्या मते त्यातच मजा आहे. पंजा ओढून काढू नका. हेअर ड्रायर मध्यम गरमवर ठेवून मनगटाभोवती अर्धा मिनिट फिरवा किंवा साधारण ७० ते ८० डिग्रीच्या पाण्यात तेवढाच भाग बुडवा, उकळतं पाणी नको. पीव्हीसी मऊ झालं की सरळ रेषेत बाहेर ओढा, पिळायचं नाही, पिळलं की खुंटी तुटून आत राहते आणि मग ड्रिल करून काढावी लागते. पारदर्शक प्लॅस्टिकचा सांधा असेल तर दुप्पट सावध, तो न वाकता थेट तुटतो. उजवा पंजा त्याच साच्याच्या दुसऱ्या स्वस्त किंवा तुटक्या फिगरमधून मिळतो, लोक सुटे पार्ट विकतात, त्वचेचा रंग जुळतोय का ते दिवसाउजेडी बघून घ्या. वाकलेलं हत्यार किंवा पाय गरम पाण्यात सरळ करून लगेच गार पाण्यात धरायचा. रंगाने चिकटलेला सांधा असेल तर गरम करून हळूहळू दोन्ही बाजूंना हलवत सोडवायचा आणि नंतर एक थेंब सिलिकॉन ऑइल. गाडीच्या बिजागरीला मारतो ते स्प्रे वापरू नका, त्यातलं सॉल्व्हंट रंग आणि प्लॅस्टिक दोन्ही खाऊ शकतं.

डोळा मात्र सोपा नाही. टँपो असेल तर टोकदार लाकडी काडीने आणि अगदी थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने शाई हळूहळू निघते, पण खालचा त्वचेचा रंगही फवारलेला असेल तर तोही निघतो, म्हणून आधी मानेच्या आतल्या न दिसणाऱ्या जागी करून बघा. डिजिटल प्रिंट असेल तर मी हात लावत नाही, त्या ठिपक्यांची बरोबरी ब्रशने होत नाही. अख्खं डोकं बदलणं स्वस्त पडतं.

आणि पॅकमध्येच ठेवणार असाल तर कुठे ठेवता ते बघा. तुम्ही पुण्यात आहात, मुंबई-कोकणापेक्षा बरं, पण पावसाळ्यात कार्ड दमट होऊन वाकतं, फुग्याचा गोंद सुटतो, आणि मग खऱ्या फॅक्टरी सीलवाला पीससुद्धा उघडून चिकटवल्यासारखा दिसायला लागतो, माझ्याकडे पावसाळा संपल्यावर अशा तक्रारी फार येतात. सिलिका जेलची पाकिटं टाकून बंद डब्यात ठेवा, ती दर महिन्या-दोन महिन्यांनी वाळवा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको, थेट ऊन तर अजिबात नको कारण पांढरं एबीएस पिवळं पडतं ते परत पांढरं होत नाही, केमिकल लावून केलं तरी बऱ्याचदा पुन्हा पिवळं पडतं. कोंदट गरम जागी पीव्हीसीमधला प्लॅस्टिसायझर बाहेर येऊन फिगर चिकट होते, सीलबंद पॅकमध्ये तर जास्तच कारण हवा खेळत नाही. उघडलेली असेल तर कोमट पाणी आणि भांड्याचा सौम्य साबण पुरतो.

टेपचे फोटो काढलेत की मला दाखवा, आडव्या उजेडातले, फ्लॅश न मारता. खालच्या झाकणाचेही.